कोठाराचे दार

दिवाळी तोंडावर आली की घरोघरचे माळे उघडतात. वर्षभर अंधारात बसलेली पितळेची परात, फराळाचे मोठाले डबे, आजीच्या वेळची समई, एक चाक हरवलेला लाकडी घोडा असे सारे खाली उतरते. चिंच लावून घासले जाते, उन्हात मांडले जाते. घरातल्या पोरांना ह्या दिवसांत एक नवाच शोध लागतो, की आपण राहतो त्या घराच्या डोक्यावर आणखी एक घर आहे. मग प्रश्नांना ऊत येतो. हे कोणाचे? कोणी आणले? आता का वापरत नाही? उत्तरे देता देता वडीलधाऱ्यांनाही विसरलेल्या कितीतरी गोष्टी आठवतात. माळा उघडला नसता तर वस्तू राहिली असती, पण तिची गोष्ट मात्र गेली असती.

वस्तुसंग्रहालये हे राष्ट्रांचे दिवाणखाने होत. पाहुण्यांसाठी तिथे निवडक वस्तू झाडूनपुसून, काचेआड, खाली नावाची पट्टी लावून मांडलेल्या असतात. आपण ओळीने पाहत जातो आणि संग्रहालय पाहून झाले असे समजून बाहेर पडतो. परंतु दिवाणखान्यामागे माळा असतो, हे पाहुण्याच्या ध्यानात येत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा संग्रह अठ्ठावीस लाख वस्तूंच्या घरात आहे. इतक्या वस्तू मांडायच्या तर दालनांचे एक गावच वसवावे लागेल! म्हणून जगातल्या कोणत्याही मोठ्या संग्रहालयात मांडलेले थोडे आणि मिटलेले फार, असाच हिशेब असतो.

हे मिटलेले घर पाहुण्यांना उघडून दाखवावे, ही कल्पना अलीकडची. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात २०२१ च्या नोव्हेंबरात बॉयमन्स संग्रहालयाचे कोठार लोकांना खुले झाले. सुमारे चाळीस मीटर उंचीची, एखाद्या वाडग्यासारखी वर रुंदावत गेलेली ही इमारत आरशांनी मढवलेली आहे. माथ्यावर बर्चची झाडे लावली आहेत. आत दीड लाखाहून अधिक वस्तू ठेवल्या आहेत, त्या शतकांच्या क्रमाने नव्हे की चित्रकारांच्या नावांनीही नव्हे. धातूला कोणती हवा मानवते, कागदाला कोणती, छायाचित्राला कोणती, हे पाहून त्यांची बिऱ्हाडे ठरवली आहेत. कोठारात वस्तूची थोरवी विचारली जात नाही, प्रकृती विचारली जाते.

मग ३१ मे २०२५ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने आपले कोठार उघडले. शहराच्या पूर्व भागात २०१२ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी एक विशाल इमारत उभारली होती. जगभरच्या बातमीदारांची नि प्रक्षेपणाची सोय तिथे केलेली होती. तिच्याच एका भागात हे कोठार थाटले आहे. त्यापूर्वी संग्रहालयाचा बराचसा संचय पश्चिम लंडनमधल्या ब्लाइद हाऊस नावाच्या जुन्या वास्तूत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पोस्टाच्या बचत बँकेची मुख्य कचेरी होती. सरकारने ती विकायचे २०१५ साली जाहीर केले आणि संग्रहालयाला बिऱ्हाड हलवणे भाग पडले. भाडेकरूला घर सोडावे लागते तेव्हाच आपल्याजवळ किती सामान आहे ते त्याला कळते. इथेही तसेच झाले. अडीच लाखांहून अधिक वस्तू, साडेतीन लाख पुस्तके आणि हजारभर दप्तरसंग्रह नव्या जागी आले. नुसते आणून रचण्याऐवजी ते लोकांना पाहू द्यावेत, असे ठरले.

आत शिरायला पैसे पडत नाहीत. जिना चढून गेले की पाहुणा एकदम एका उंच चौकाच्या मधोमध येतो. चहूबाजूंनी लोखंडी मांडण्या वर चढत गेलेल्या असतात. मांडणीवर खुर्चीशेजारी मूर्ती, मूर्तीशेजारी सायकल, पलीकडे अर्धवट उघडलेले लाकडी खोके, अशी सरमिसळ असते. दिवाणखान्यात वस्तू पाहुण्यासाठी नटून बसतात. इथे त्या घरच्या कपड्यांत असतात. स्पेनमधल्या एका नष्ट झालेल्या राजवाड्याचे पंधराव्या शतकातले नक्षीदार छत इथे आहे आणि लंडनमध्ये पाडून टाकलेल्या कामकऱ्यांच्या चाळीचा एक तुकडाही आहे. १९२६ साली जर्मनीत आखलेले आटोपशीर स्वयंपाकघर पाहून आपल्याकडच्या गृहिणीलाही त्यातल्या कप्प्यांचा हेवा वाटेल. डागडुजी करणारे कारागीर आपल्या कामात मग्न असतात, तेही पाहता येते. आणि आग्र्याच्या किल्ल्यातल्या हमामखान्याची संगमरवरी स्तंभावली, सतराव्या शतकातली, यमुनेच्या काठावरून तिथे जाऊन उभी आहे. ती पाहताना आपल्या माणसाचा पाय जरा अडखळल्यावाचून राहायचा नाही.

पण ह्या कोठाराचे खरे नवल डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत नाही. ते एका साध्या नियमात आहे. कोणीही माणूस सूचीत पाहून पाच वस्तूंपर्यंत निवडू शकतो, दोन आठवडे आधी कळवू शकतो आणि ठरल्या वेळी ती वस्तू टेबलावर ठेवून त्याला जवळून दाखवली जाते. तो पंडित आहे की पाटीवाला, हे विचारले जात नाही. कारण सांगावे लागत नाही. ग्रंथालयात पुस्तक मागावे तशी चारशे वर्षांपूर्वीची वस्तू मागायची! आजवर कोठाराची किल्ली क्युरेटरच्या कमरेला होती. आता निदान दार वाजवायचा हक्क सर्वांना आला आहे.

परदेशातल्या एका संग्रहालयाच्या माळ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो जुना आहे. २०२४ च्या जुलैत साताऱ्यात आलेली वाघनखे ह्याच संग्रहालयाची. ती तीन वर्षांच्या कराराने आली. शिवछत्रपतींनी वापरली ती हीच, असे ते संग्रहालय स्वतः छातीठोकपणे म्हणत नाही. तरीही ती पाहायला माणसे गेली. परंतु ह्याहून मोठे एक नाते आहे. ते कापडावर रंगवलेले आहे आणि त्याच्या कडा जळालेल्या आहेत. ते नाते अजिंठ्याचे.

वाघूर नदीच्या वळणावर डोंगराच्या पोटात कोरलेली ही लेणी कैक शतके रानात झाकून गेली होती. १८१९ साली शिकारीला आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या ती दृष्टीस पडली आणि त्याने लगोलग आपले नाव नि तारीख दहाव्या लेण्याच्या खांबावर कोरून ठेवली! लेण्यांची कीर्ती पसरली तशी त्यांच्यावर संकटेही आली. मातीच्या लेपावर रंगवलेली ती चित्रे ओल, वटवाघळे आणि किडे ह्यांनी आधीच जर्जर झाली होती. त्यात हौशी पाहुण्यांनी आठवण म्हणून तुकडे खरवडून न्यायला सुरुवात केली. जेम्स फर्ग्युसन ह्या अभ्यासकाने १८४३ साली लंडनच्या विद्वत्सभेपुढे ह्या लेण्यांविषयी निबंध वाचला आणि चित्रे नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या नकला उतरवून घ्याव्यात, हा विचार कंपनी सरकारच्या गळी उतरला.

१८४४ साली मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल ह्या कामावर नेमला गेला. तो आला तो जवळजवळ इथलाच झाला. अजिंठा गावातल्या बारादरीत त्याचा मुक्काम असे. १८५६ साली वारलेल्या पारोची समाधी त्याने त्या गावात बांधली, ती अजून आहे. वीस वर्षांच्या आसपास तो त्या काळोखातल्या भिंतींपुढे बसून तैलरंगांत चित्रे उतरवीत राहिला. ती चित्रे लंडनला गेली. सिडनहॅम येथल्या काचेच्या प्रचंड महालात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, ती लोकांना पाहण्यासाठी टांगली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या महालाला आग लागली. उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आता दुसऱ्यांदा काम काढायचे ठरले ते मुंबई सरकारच्या वतीने. साल १८७२. मौज अशी, की ह्याच साली भायखळ्याला मुंबईचे स्वतःचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम खुले झाले. ते उभे करण्यासाठी झटणारे डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी अजिंठ्याच्या शिलालेखांचाही अभ्यास केला होता. आज ते संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अजिंठ्याचे काम जॉन ग्रिफिथ्स ह्यांच्याकडे आले. ते जे. जे. कलाशाळेतले शिक्षक. त्यांनी ब्रश धरायला बाहेरून नामांकित चित्रकार बोलावले नाहीत. आपले विद्यार्थी बरोबर घेतले. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नाव मिळवलेले पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक. १८७२ ते १८८५ ह्या काळात ही मंडळी मुंबईहून जात, तळ ठोकून राहत आणि भिंतीवरची रेघ न् रेघ कॅनव्हासवर उतरवीत. ग्रीक नि रोमन पुतळ्यांची आरेखने गिरवून तयार झालेली ही मुले. त्यांना ह्या भिंतींपुढे बसल्यावर काय वाटले असेल? आपल्याही देशात दीड हजार वर्षांपूर्वी असा हात फिरला होता, हे त्यांना पुस्तकातून कळले नाही. बोटांतून कळले.

अशी शेकडो चित्रे झाली. सर्वांत मोठी सुमारे तीन मीटर रुंद नि सहा मीटर लांब आहेत. ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमकडे पाठवण्यात आली. १८९९ पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतात ते हेच. आणि १८८५ साली, काम संपले त्याच वर्षी, तिथे आग लागली. इमारतीच्या एका बाजूला ठेवून दिलेली शंभराच्या आसपास चित्रे जळाली. पहिली आग मांडलेल्या चित्रांना लागली होती, दुसरी ठेवलेल्या चित्रांना.

दुर्दैवाची कमाल पुढेच आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आलेले जपानी चित्रकार अराई कांपो ह्यांनी १९१६ ते १९१८ ह्या काळात जपानी कागदावर अजिंठ्याच्या प्रतिकृती घेतल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात जपून ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपात त्याही गेल्या. तीन वेळा माणसांनी अजिंठा उतरवला आणि तिन्ही वेळा त्यावर घाला पडला. आणि डोंगरातला मूळ अजिंठा, जो आज जाईल की उद्या अशी सर्वांना धास्ती होती, तो मात्र झिजत, फिकटत का होईना अजून आहे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नक्कलकारांनी मूळ भिंतींवर व्हर्निश फासले, ते पुढे पिवळे-काळे पडले, हेही इथेच सांगितले पाहिजे. जपणाऱ्याच्या हातूनही इजा होते.

मग उघडे ठेवावे की मिटून ठेवावे? गिलची चित्रे चव्हाट्यावर होती, ती जळाली. ग्रिफिथ्सच्या मुलांची ठेवणीत होती, तीही जळाली. तेव्हा वस्तू लोकांपुढे मांडली की ती वाचते, असे भाबडेपणाने म्हणता येणार नाही. तरीही दोन्हींत एक फरक आहे. गिलच्या काही चित्रांवरून काढलेली रेखाटने १८५६ साली लंडनमध्ये निघालेल्या, प्राचीन भारतावरच्या श्रीमती स्पीयर ह्यांच्या पुस्तकात छापली गेली होती. ती छापली गेली, कारण कोणीतरी चित्रे पाहिली होती. ग्रिफिथ्स ह्यांनीही आपल्या कामाचा ग्रंथ १८९६-९७ साली दोन खंडांत काढला. पाहिलेली वस्तू जळाली तरी तिची सावली कोठेतरी पडलेली असते. न पाहिलेली वस्तू जळाली तर राखेलाही नाव उरत नाही.

आणि आगीहून सावकाश चालणारे एक मरण आहे. १९५५ साली त्या संग्रहालयाची भारतीय दालने ज्या जुन्या इमारतीत होती ती पाडायची म्हणून दालने आवरली गेली. भारतीय कलेचे नवे प्रशस्त दालन उघडायला १९९० साल उजाडावे लागले. दोन आगींतून वाचलेली दीडशेहून अधिक अजिंठा-चित्रे १९५५ नंतर कायमच्या प्रदर्शनात कधीच लागली नाहीत. ती सुखरूप होती. त्यांना ऊन लागत नव्हते, वारा लागत नव्हता. माणसाची नजरही लागत नव्हती. २००६ च्या सुमारास त्यांतल्या सुमारे निम्म्या चित्रांची डागडुजी हाती घेण्यात आली. त्यांची छायाचित्रे आता संग्रहालयाच्या सूचीत घरबसल्या पाहता येतात. पण मधली पन्नास वर्षे? दोन पिढ्या येऊन गेल्या. जे. जे. मध्ये शिकणाऱ्या किती मुलांना ठाऊक झाले, की आपल्याच शाळेतल्या पोरांनी रंगवलेला अजिंठा सातासमुद्रापार मिटून पडला आहे?

आम्हां शिक्षकांना शाळेत एक वही ठेवावी लागते. तिचे नाव डेडस्टॉक रजिस्टर. टेबले, फळे, नकाशे, प्रयोगशाळेतला सांगाडा, सारे त्यात नोंदलेले असते आणि वर्षातून एकदा मोजून सही करायची असते. सही झाली की हेडमास्तर निश्चिंत. पण जगाचा नकाशा वहीत आहे म्हणून वर्गातल्या मुलाला आफ्रिका सापडत नाही. त्यासाठी नकाशा भिंतीवर टांगावा लागतो, मुलांची बोटे त्यावर फिरावी लागतात, मग भले तो कोपऱ्यात थोडा फाटो. मोठमोठ्या संग्रहालयांचेही असेच झाले होते. वस्तू मोजलेली, आकडा घातलेली, म्हणून जपलेली. पण ‘डेड’ हा शब्द त्यांच्याही वहीवर न लिहिता लिहिलेला होता. लंडनच्या ह्या कोठाराने तो शब्द खोडायला घेतला आहे, असे मला वाटते. कोणी वस्तू मागितली की ती खाली काढावी लागते. काढली की पुसावी लागते. पुसताना कीड, भेग, गळलेला रंग दिसतो. मागणाराच असा नकळत राखणदार होतो. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसतो म्हणतात. नाग राखण करतो खरी. पण त्या धनाचा उपयोग ना नागाला ना धन्याला.

तरी इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. उघडलेले दार म्हणजे परत दिलेली वस्तू नव्हे. ते दार लंडनला आहे. आग्र्याच्या माणसाला आपल्या गावचे खांब पाहायला विमानाचे भाडे नि परवान्याचा शिक्का लागतो; तिथे राहणाऱ्याला बसचे तिकीट पुरते. प्रवेश फुकट असला तरी वाट फुकट नसते. राज्य करणाऱ्यांनी काय कसे नेले, ह्याचा हिशेब दार उघडल्याने फिटत नाही. उलट, दार उघडल्यावरच तो हिशेब नीट मांडता येतो. काय नेले हेच जोवर दिसत नाही तोवर मागायचे तरी काय? मिटलेल्या कोठारापुढे आपल्याला फक्त तक्रार करता येते, उघड्या कोठारापुढे नाव घेऊन, नग दाखवून बोलता येते.

आणि हे बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या घरचेही पाहावे. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी गावोगाव फिरून, पदरमोड करून दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारांच्या चौकटी जमवल्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयाला दिले आणि सारे महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केले. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह. त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास लोकांपुढे मांडल्या जातात. हा काही त्या संग्रहालयाचा दोष नव्हे. जागा तेवढीच असते. पण उरलेल्या वस्तूही एका माणसाने कोणाच्या तरी ओट्यावर बसून, कोणाला तरी चार शब्द बोलून मिळवलेल्या आहेत. त्यांचा माळा लोकांना कधीतरी पाहायला मिळावा, असे वाटणे चूक नाही. त्यासाठी आरशांची इमारत लागत नाही. चांगली सूची लागते, एक टेबल लागते, वस्तू काढून दाखवणारा समजूतदार माणूस लागतो आणि सर्वांत आधी, ती मागणारे कोणीतरी लागते.

हे शेवटचे फक्त आपल्या हातात आहे. संग्रहालयात मुलांना घेऊन गेलात तर काचेआडचे पाहून झाल्यावर तिथल्या माणसाला एवढेच विचारावे, की आत आणखी काय आहे? तो दाखवील किंवा न दाखवील. पण तो प्रश्न दहांनी विचारला, शंभरांनी विचारला, तर दाराला ऐकू जाईल. पेस्तनजी आणि त्यांचे सोबती गुहेत मान वर करून रंग भरीत होते, ते कोठारात रचून ठेवण्यासाठी नव्हे. ज्यांना अजिंठ्याला जाता येणार नाही, त्यांना अजिंठा दिसावा, म्हणून.